पान लागलां

१९८९ सालच्या जुलैमधली रात्र. कौलांवर कुणीतरी न थांबता सूप पाखडत बसलंय, असा पाऊस. मालवण तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी रात्रपाळीला होते. मी कराडकडची, नेमणूक होऊन जेमतेम पाच आठवडे झालेले. वीज संध्याकाळीच गेली होती. दारात कंदील हलला आणि डोक्यावर इरलं घेतलेला एक माणूस थेट आत आला. छातीशी आठ-नऊ वर्षांचा मुलगा.

"बाय, झिलाक पान लागलां."

झील म्हणजे मुलगा, एवढं पाच आठवड्यांत कळलं होतं. आणि पान म्हणजे पान, त्यात काय कळायचं? कुठल्यातरी रानझाडाचं पान अंगाला घासलं असेल, चीक लागून पुरळ उठलं असेल, असं मी धरून चालले. मुलाला टेबलावर बसवलं, सदरा वर केला, पाठीवर आणि पोटावर बॅटरी फिरवली. कातडी स्वच्छ होती. मी कपाटातून कॅलॅमाईनची बाटली काढली आणि विचारलं, "कुठल्या झाडाचं पान?"

त्या माणसाचा चेहरा मला अजून दिसतो. चिडला नव्हता तो, पार हबकला होता. "पान गो, पान! जनावर!"

"कुठलं जनावर? कुत्रं?"

मागच्या पडवीत ओलं लुगडं पिळत असलेली आमची आया हा शब्द ऐकून धावत आली. तिने मुलाच्या तोंडाकडे पाहिलंही नाही, सरळ पाय उचलून घोट्याजवळ कंदील धरला. तिथे दोन टिपके होते, आणि त्यांच्याभोवती सूज चढत होती. मग ती माझ्यासमोर आली आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हणाली, "साप."

पुढचं सगळं नेहमीसारखं झालं. मागच्या क्वार्टरमधून डॉक्टर आले. हाफकिन संस्थेच्या सर्पदंशावरच्या लसीच्या कुप्या निघाल्या. कुपीतली पांढरी पूड पाण्यात विरघळायला वेळ लागतो, जोरात हलवलं तर फेस होतो, म्हणून ती तळव्यांमध्ये धरून हळूहळू फिरवत राहायची. मी ती फिरवत होते आणि माझे हात कापत होते. मुलगा वाचला. पण मी कॅलॅमाईन शोधत घालवलेली मिनिटं चार होती की सहा, हे मी पस्तीस वर्षं मोजते आहे.

आयाने पहाटे चहा करताना सांगितलं. रात्रीचं त्याचं नाव घ्यायचं नाही, घेतलं की तो येतो. म्हणून तो जनावर. आणि त्याने दंश केला असंही म्हणायचं नाही. काळोखातून चालताना पायाला पान लागलं, एवढंच म्हणायचं. भीतीचा सामना करायची एका मुलखाची सगळी रीत त्या दोन शब्दांत होती, आणि ते दोन्ही शब्द मला येत होते. पान येत होतं, लागणंही येत होतं. तरी मला काही कळलं नव्हतं.

परमुलखात गेलेला माणूस निदान जाणून असतो की आपल्याला इथलं बोलणं येत नाही. मी राज्य तेच, लिपी तीच, शाळेतली पुस्तकंही तीच, अशा मुलखात आले होते. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा आठ वर्षांचा होता. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा निघालेला. जिल्ह्याच्या ठिकाणाहून येणारे कागद माझ्याच मराठीत येत. तेवढ्यावर मला वाटलं की भाषेचा प्रश्न इथे नाहीच.

लोकांनीही मला त्या समजुतीत ठेवलं, तेही चांगुलपणाने. बाहेरची बाई दिसली की मालवणी माणूस बोलणं बदलतो. पेटीतला इस्त्रीचा सदरा काढून घालावा तशी शाळेत शिकलेली मराठी काढतो. "मला थोडा ताप आहे," असं जपून, शब्द तोलून बोलतो. पण इस्त्रीच्या सदऱ्यात कुणी आपलं दुखणं उघडं करून दाखवत नाही. ताप सांगता येतो, पण "जीव घाबरता", "आंग मोडान इला", "पोटात कसासाच जाता" हे त्या भाषेत मावत नाही. मग बायका म्हणत, "काही नाही हो, थोडी कसर आहे," आणि गोळ्या घेऊन जात. मी केसपेपरवर कसर लिहून ठेवी.

आया मात्र बदलली नाही. "माका तुमचां शुद्ध बोलूक जमना नाय. तुमीच शिका," असं तिने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. तेव्हा मला ते उद्धट वाटलं होतं. त्या पानाच्या रात्रीनंतर मी तिच्यासमोर पाट घेऊन बसले.

सगळ्यात आधी तिने माझं 'नाही' दुरुस्त केलं. मी रुग्णाला विचारायची, "गोळ्या घेतल्या का?" तो म्हणायचा, "घेवक नाय." मला ते 'घ्यायला नाहीत' असं ऐकू यायचं. गोळ्या संपल्यात बिचाऱ्याच्या, असं समजून मी आणखी एक पट्टी द्यायची. एका म्हाताऱ्याला अशा तीन पट्ट्या दिल्यावर आयाने माझा हात धरला. घेवक नाय म्हणजे घेतल्या नाहीत. जेवक नाय, येवक नाय, कळाक नाय, झालं नाही ते सगळं इथे असं बोलायचं. त्या म्हाताऱ्याच्या घरी गोळ्या तशाच पडून होत्या आणि त्याचा रक्तदाब चढतच होता. व्याकरणाचा एवढासा प्रत्यय, पण तो कानातून निसटला की औषध चुकतं. नर्सिंगच्या कुठल्याही पुस्तकात हे नव्हतं.

मग हय, थय, खय, म्हणजे इथे, तिथे, कुठे. मग माका, तुका. मग 'वायच', म्हणजे थोडं, जरा, क्षणभर, आणि कधीकधी चांगला तासभर. वायच थांब, वायच बस, वायच दुखता. दुखण्याच्या वायचमध्ये किती दुखणं मावतं, ते चेहऱ्यावरून वाचायला मला वर्ष लागलं. पटकी मी पुस्तकात रोग म्हणून शिकले होते. इथे ती फटकी होऊन आज्यांच्या तोंडी शिवीत राहत होती, आणि ती शिवी लाडक्या नातवालाच मिळायची. कधीकाळी गावंच्या गावं नेणाऱ्या रोगाला या लोकांनी घरातल्या रागलोभात बसवून टाकलं होतं. पहिल्यांदा ऐकून मी दचकले होते. पुढे मीही माझ्या लेकीला तेच म्हणू लागले.

वेळ कशी विचारायची हे शिकवलं शेजारच्या काकीने. तिचा घो, म्हणजे नवरा, रापणीवर मासे धरायला जायचा. ताप कधीपासून आहे, असं विचारलं की कोळीवाड्यातली माणसं घड्याळाची वेळ सांगत नसत. "पाणी भराक लागला तेवापासून," म्हणत. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. काल सकाळी आठला भरू लागलेलं पाणी आज नऊच्या सुमाराला भरू लागणार. ताप किती तासांचा, हे काढायला मला कालचं पाणी ठाऊक असायला हवं होतं. मी रोज सकाळी काकीला विचारून केसपेपरच्या वहीत भरती-सुकतीच्या वेळा टिपू लागले. काकी हसायची नाही. गंभीरपणे समुद्राकडे बघायची, आज तिथी कुठली ते बोटांवर मोजायची आणि सांगायची.

तिनेच मला एकदा रापण ओढायला नेलं. तारकर्लीहून देवबागकडे जाणारी ती चिंचोळी जमीन. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये माडांची रांग. होडीने जाळं अर्धगोल सोडत नेलं होतं. दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर आणि दोन्ही दोरांवर माणसांच्या ओळी. मी एका ओळीत शिरले. ओला दोर तळहातात धरला तेव्हा तो आतून थरथरत होता. पलीकडच्या टोकाला समुद्र धरलेला आहे, हे हातालाच कळतं. कुणी सूर धरला की सगळे एकदम मागे झुकतात. चुकीच्या वेळी झुकणाऱ्याचे तळहात सोलून निघतात. माझे निघाले. दोन तासांनी जाळं आलं. तारली, पेडवे, थोडे बांगडे. वाळूवर वाटे पडू लागले. इथली रीत अशी की दोराला हात लावला त्याला वाटा. मी बाजूला उभी राहिले होते. तांडेलाने मूठभर तारल्या वेगळ्या काढल्या आणि ओरडून म्हणाला, "ह्यो सिस्टरीचो वाटो!" मी ओच्यात घेतल्या. काय बोलायचं ते मला येत नव्हतं. काकीने कानात सांगितलं, "बोल, माका पावलो." मी बोलले. सगळी वाळू हसली, आणि त्या दिवसानंतर कोळीवाड्यात माझ्याशी कुणी शुद्ध बोललं नाही.

तिसऱ्या वर्षी गावच्या जत्रेत मी देवळाच्या सभामंडपात कडेला उभी होते. गाऱ्हाणं चाललं होतं. हातात श्रीफळ घेऊन मानकरी देवाला सगळं सांगतो. कुणाचं शेत, कुणाची होडी, कुणाचं आजारपण, मुंबईला कोण गेलं, कोण यायचं राहिलं. प्रत्येक मागण्याला लोक मागून साथ देतात, "व्हय म्हाराजा." एकाएकी माझ्या कानावर आलं की परमुलखातली एक लेक आज तुज्या पायाकडे उभी आसा, तिच्या हाताक यश दी. आणि शंभर गळ्यांतून आवाज उठला, "व्हय म्हाराजा." मला ते समजलं, ऐकताक्षणी आणि मनात भाषांतर न करता. मी मालवणी शिकले नसते तर माझ्यासाठी केलेली प्रार्थना माझ्या डोक्यावरून गेली असती, आणि मी तिथे नुसती हात जोडून उभी राहिले असते.

या भाषेकडे बाहेरून बघणाऱ्यांचं लक्ष पूर्वीही होतं. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, १९०५ साली, इथल्या बोलीची नोंद कुडाळी या नावाने आहे. पण मला जास्त जवळचा वाटतो तो बांद्याचा नाका ओलांडून पलीकडे, गोव्यात राहिलेला एक इंग्रज. फादर थॉमस स्टीफन्स. १५७९ मध्ये तो गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. चाळीस वर्षं. साष्टीच्या गावांत राहून तो कोकणी शिकला, मराठी शिकला, आणि १६१६ मध्ये राचोलला त्याचं 'क्रिस्तपुराण' छापून निघालं. जवळपास अकरा हजार ओव्या. इंग्लंडात जन्मलेल्या माणसाने ओवीचा ठेका असा आत्मसात केला की किनाऱ्यावरच्या चर्चच्या आवारात पिढ्यान्‌पिढ्या त्या गायल्या गेल्या. त्याचं कोकणी भाषेचं व्याकरण त्याच्या मागे, १६४० मध्ये, छापलं गेलं. भारतीय भाषेचं छापलेलं ते पहिलं व्याकरण मानतात. त्याने १५८३ साली भावाला पत्र लिहिलं, त्यात इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचं सांगितलं आहे. विल्यम जोन्सने तेच म्हणून जगाचं लक्ष वेधलं ते दोनशे वर्षांनी.

तो धर्म पसरवायला आला होता, हे मी विसरत नाही. त्याचा हेतू माझ्या मनाला पटणारा नाही. पण ज्यांच्याशी बोलायचं त्यांचं बोलणं आपण शिकायचं, एवढं त्याने ओळखलं होतं. त्याच गोव्यात पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाईसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावं. एका परक्याने शिकायला चाळीस वर्षं घेतली, दुसऱ्याने विसरायला तीन वर्षं दिली. कोकणी आज गोव्याची राजभाषा आहे. आणि पोर्तुगिजांचे शब्द? ते इथे सुखाने नांदतात. खिडकीला आमच्याकडे अजून जनेल म्हणतात. पगार, घमेलं, बटाटा, काजू, सगळे त्यांच्याकडून आलेले. हुकमाने एकही आला नाही. बाजारात, बंदरावर, स्वयंपाकघरात माणसं एकमेकांना लागली, तसे ते आले.

म्हणूनच अलीकडे भाषेच्या नावाने कुणाला रस्त्यात धरून दमदाटी केल्याच्या बातम्या येतात तेव्हा मला वाईट वाटतं. कानाखाली वाजवून कुणी भाषा शिकत नाही, फार तर ती टाळायला शिकतो. मला आयाने शिकवलं ते पाटावर बसवून.

एक खंत मात्र मनात आहे. मालवणीची उभ्या महाराष्ट्राला ओळख झाली ती 'वस्त्रहरण' या नाटकाने. गंगाराम गवाणकरांचं लेखन, मच्छिंद्र कांबळींचं काम, पाच हजारांच्या वर प्रयोग. त्या दोघांचे या बोलीवर केवढे उपकार आहेत. ज्या बोलीची मुंबईच्या चाळीत लाज वाटायची तिला त्यांनी रंगमंचावर मधोमध उभं केलं. पण प्रेक्षकांनी एक सोयीची समजूत करून घेतली की मालवणी म्हणजे हसायची भाषा. कराडला माझ्या माहेरी मी मालवणीत एक वाक्य बोलले की लोक आधीच हसायला तयार असतात. त्यांनी ही भाषा रडताना ऐकलेली नाही. "माज्या झिलाक वाचव गो बाय," हे पावसात भिजलेल्या गळ्यातून ऐकलेल्याला तिचं हसू येत नाही.

आणि इथल्या मुलांनाही ती लपवायला शिकवली जाते. माझी लेक इथेच जन्मली, ओसरीवर काकीच्या मांडीवर वाढली. दुसरीत असताना तिने निबंधात लिहिलं, 'पाऊस इलो.' खाली लाल शाईची रेघ आली. घरी येऊन तिने विचारलं, "आई, पाऊस इलो नाय तर खय गेलो?" मी तिला 'पाऊस आला' शिकवलं, शिकवायलाच हवं होतं. पण बाहेरून आलेली आई जे वर्षानुवर्षं कष्टाने मिळवत होती, ते मुलीच्या वहीत चूक ठरलं होतं. बाहेरचा माणूस आवर्जून मालवणी शिकतो तेव्हा अशा वह्यांवरची एखादी लाल रेघ पुसट होत असेल, असं मला वाटतं. आपली भाषा दुसऱ्याला शिकावीशी वाटली, हे दिसण्याची इथल्या पोराला गरज आहे.

बाहेरचे आता पुष्कळ येतात. १९९८ ला कोकण रेल्वे सुरू झाली, २०२१ ला चिपीला विमान उतरलं. कमानीवर लिहिलेलं असतं, येवा, कोकण आपलोच आसा. येणारे तिच्याखाली उभे राहून फोटो काढतात. त्या वाक्यातला 'आपलोच' हा शब्द मला फार मोठा वाटतो. तो पर्यटकाचा केलेला सत्कार नाही, घराचं दार आहे. आत यायचं तर आतलं बोलणं ऐकून घ्यावं लागतं.

आमच्या वाटेवर एका शहरातल्या कुटुंबाने बंगला बांधला आहे. माणसं सज्जन, हात सढळ. सहा वर्षं झाली. त्यांच्याकडे कामाला येणारी बाई मराठी, ते स्वतः मराठी, पण तिच्याशी बोलताना ते हिंदीत शिरतात, कारण तिचं बोलणं त्यांना कळत नाही आणि पुन्हा विचारायचा संकोच वाटतो. ती बाई माझ्याकडे येऊन बसते तेव्हा सांगते, मालकीणबाई खूप चांगली, पण "तिका माजी गजाल सांगूक येणा नाय." सहा वर्षं एका छपराखाली रोज चार तास, आणि गजाल, म्हणजे मनमोकळ्या गप्पा, नाहीत.

त्याच वाटेवर पुढे आंब्याची बाग आहे. तिच्या राखणीला नेपाळहून आलेला एक पोरगा असतो. देवगड-मालवणच्या बागांमधून असे कितीतरी आहेत. हापूसला मोहर आला की फवारणी, मग राखण, मग काढणी, त्यांच्याशिवाय आता हंगाम निघत नाही. हा पहिल्या वर्षी खुणांनी बोलायचा. निवृत्तीनंतरही लोक माझ्याकडे दुखणी घेऊन येतात, तसा परवा तो आला आणि दारातच म्हणाला, "काकी, माका वायच ताप इलो हा." मी थर्मामीटर लावला. एकशे तीन. त्यालाही वायच कळलं होतं. त्याच्याजवळ वेळ नव्हता, पुस्तक नव्हतं, शिकवणारं कुणी नव्हतं. होती ती गरज, आणि गड्यांबरोबर पेज जेवायला बसायची सवय. बंगल्यातल्या माणसांना गरज पडत नाही, खरी अडचण तीच आहे. ज्याच्याजवळ पैसा असतो त्याच्यासाठी समोरचा भाषा बदलतो. म्हणून ज्याला शिकल्यावाचून चालतं, त्याने तर जास्तच शिकायला हवं. दुसऱ्याने किती काळ आपल्यासाठी इस्त्रीचा सदरा घालून बसायचं?

हे सगळं आज वर आलं त्याला कारण भाचा. तो दोन वर्षांच्या करारावर बँकॉकला आहे. परवा फोनवर म्हणाला, "मावशी, इथले जुने लोक सांगतात थाय शिकून उपयोग नाही. ऑफिसात इंग्रजी चालतं, दुकानात बोट दाखवलं की भागतं. पाच सूर आहेत म्हणे. माय म्हटलं तर सूर बदलून लाकूडही होतं, नवंही होतं, नाहीही होतं आणि रेशीमही. दोन वर्षांसाठी एवढं कशाला?"

मी गेल्या हिवाळ्यात त्याच्याकडे गेले होते, तेव्हा त्याने मला थाय रेडक्रॉसची सापांची संस्था दाखवली होती. शहराच्या मधोमध, राणी सावोभाच्या नावाची. तिथे सापाचं विष काढतात आणि त्यापासून लस होते. आमच्या हाफकिनचंच हे काम, म्हणून मी काचेसमोर बराच वेळ उभी राहिले. एक मुलगी माहिती सांगत होती. तिने भाषेला जो शब्द वापरला तो मला 'फासा' असा ऐकू आला, आणि भाच्याने फोनवर शोधून सांगितलं की तो आपल्या 'भाषा'वरूनच गेलेला आहे. गुरूचा तिथे 'ख्रू' झाला आहे. किती लांब जाऊन हे शब्द तिथल्या लोकांच्या तोंडात बसलेत. शब्दांना दोन वर्षांचा करार नव्हता.

त्या दिवशी फोनवर मी त्याला एवढंच म्हटलं की विचार करून सांगते. दारात काकीची सून बांगडे घेऊन उभी होती. काकी आता नाही, आयाही नाही. सून म्हणाली, "काय गो मावशे, कोणाचो फोन?" मी तिला सांगितलं. तिने तिथेच निकाल दिला, "रवतलो थय आणि बोलाचा नाय? ह्या कसला?"

तो घोट्यावर दोन टिपके घेऊन आलेला मुलगा आज चव्वेचाळीसच्या घरात आहे. दांडीच्या किनाऱ्यावरून पर्यटकांना होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेतो. त्यांच्याशी हिंदी बोलतो, थोडं इंग्रजीही. मला रस्त्यात बघितलं की होडीतूनच हाक मारतो, "सिस्टरी, पाणी भरता हा, घराक जा!"

तर बाळा, माझं उत्तर हे. शीक. पाच सूर असोत नाहीतर पन्नास. चुकलास तर हसतील, हसू दे, माझ्यावर सगळी वाळू हसली होती. उद्या सकाळी ज्या बाईकडून तू पपई घेतोस तिच्यापाशी वायच थांब आणि तिला विचार की रात्री कुणाला साप चावला तर तुमच्याकडे काय म्हणतात. ती जे सांगेल ते आधी कागदावर लिहून घे, मग मला कळव.